वाचक विचारतात

प्रश्न : सिनेमात अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेली कुटुंबं घोडागाडीत बसून जाताना दिसतात. खरंच तसं होतं का? स्वयंपाक कशावर करत?
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : बसून कुठले! एकोणिसाव्या शतकातली, मिसूरीपासून पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगॉनपर्यंतची वाट सुमारे ३,२०० किलोमीटरची, आणि बहुतेकांनी ती पायीच तुडवली. गाडी पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, कॉफी यांनीच भरलेली; माणशी ९० किलो पीठ घ्या, असा त्या काळचा सल्ला. घोडे कमीच, जुंपलेले असायचे बैल. स्वस्त, चिवट आणि वाटेतल्या गवतावर भागवणारे. म्हणून तर मिसूरीतून निघायचं ते एप्रिल-मेमध्ये, गवत उगवल्यावर.

वाटेतल्या प्लॅट नदीकाठी झाडं विरळ, तेव्हा चूल पेटायची रानगव्यांच्या वाळलेल्या शेणावर. आपल्याकडच्या बायकांना याचं नवल वाटणार नाही.

खरा ताप चाकांचा. कोरड्या हवेत लाकूड आकसायचं आणि चाकावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, सैल होऊन निसटायची. मग रात्री चाकं नदीत भिजत घालायची, नाहीतर धावेखाली पाचर ठोकायची. सिनेमात दिसतात त्या मूळ रहिवाशांच्या हल्ल्यांचं म्हणाल, तर त्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसं मेली कॉलऱ्यानं.