ट्रेंटिनोतील पूर्वजांचा शोध कोठून सुरू करावा?

आपल्या सासऱ्यांचे आजोबा पेनसिल्व्हेनियाच्या कोळसाखाणीत कामाला आले, त्यांच्या कागदांवर ‘ऑस्ट्रिया’ लिहिले आहे आणि घरातली मंडळी मात्र स्वतःला इटालियन म्हणवतात; तेव्हा मूळ कोणत्या देशात शोधायचे, असे आपण विचारले आहे. माझ्या पत्नीचे आजोळ ट्रेंटिनोतल्या, म्हणजे आजच्या उत्तर इटलीतील एका प्रांतातल्या, व्हाल दि नोन या खोऱ्यातले असल्यामुळे हा गुंता मीही सोडवलेला आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे. ट्रेंटिनो पहिल्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीतील टिरोलमध्ये मोडत असे, पण तिथले बहुतेक लोक इटालियन बोलीच बोलत. म्हणून बोटीच्या यादीत ‘टिरोल’ दिसले, तरी व्हिएन्नाच्या दफ्तराकडे वळू नये.

जन्माची नोंद गावच्या चर्चमध्ये पाद्री करत असे, आणि सरकारही तीच ग्राह्य धरी; नगरपालिकेकडे हे काम १९२४ पासून गेले. त्यामुळे १८१५ ते १९२३ या काळातील जन्मांची जी सूची इंटरनेटवर आहे, तिथून आरंभ करावा. तिचे नाव ‘नाती इन ट्रेंटिनो’. इटालियनमध्ये ‘नाती’ म्हणजे जन्मलेले, पण मराठी कानाला नातीगोतीच ऐकू येतात.

खरी अडचण पुढे येते. एकेका गावात निम्मी घरे एकाच आडनावाची असतात आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत, त्यामुळे एकाच पिढीत दोन-तीन जोव्हानी सापडतात. गावकरी अशा घरांना वेगळे टोपणनाव देत, त्याला तिथल्या बोलीत ‘स्कोतुम’ म्हणतात, आणि काही पाद्री ते आडनावापुढे टिपूनही ठेवत. घरातल्या वयस्कर माणसांना असा एखादा विचित्र शब्द आठवतो का, हे आधी विचारून घ्यावे. मी ते केले नाही आणि तीन महिने भलत्याच भावकीचा वंशवृक्ष काढत बसलो, कारण दोन्ही जोव्हानींच्या वडिलांचे नाव आंतोनियो होते. शेवटी चूक लक्षात आली ती लॅटिनमधल्या एका जुन्या नोंदीमुळे: ‘जोआन्नेस फिलिउस आंतोनिई क्वोंदाम पेत्री’, म्हणजे कै. पिएत्रो यांचा मुलगा आंतोनियो, त्याचा मुलगा जोव्हानी. ‘क्वोंदाम’ हे आपले ‘कैलासवासी’च, पुष्कळदा त्याचे नुसते आद्याक्षर लिहिलेले असते, ते नजरेतून सुटू देऊ नये, कारण त्या एका अक्षरामागे पणजोबा उभे असतात.

१८१५ च्या मागे जायचे असेल, तर ट्रेंटो या तिथल्या मुख्य शहरातील धर्मप्रांताच्या अभिलेखागारात जुन्या वह्या पाहाव्या लागतील. बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा नियम ट्रेंटोतच भरलेल्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये केला होता, त्यामुळे नशीब असेल तर बरेच मागे जाता येते.

हा शोध इटालियन नागरिकत्वासाठी असेल, तर एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. १६ जुलै १९२० पूर्वी देश सोडलेले ट्रेंटिनोवासी इटालियन नागरिक झालेच नव्हते. त्यांच्या वंशजांसाठी २००० साली वेगळा कायदा झाला, पण त्याखालील अर्जांची मुदत डिसेंबर २०१० मध्ये संपली.