रिबोल्लीता मागवण्याआधी उकळीत काय होतं ते विचारा

"आईबाबांना घेऊन फ्लॉरेन्सला चाललोय. बाबा माळकरी आहेत, पण एकदा तरी तिथल्या घरगुती खानावळीत जेवायचंय, जमेल का?" तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात कालवलं. अगदी हेच करायला गेलो होतो मी. जमतं, फक्त माझ्यासारखा घोळ घालू नका.

आमची सहल एका एजन्सीमार्फत होती. नाव घेत नाही. बाबांना शाकाहारीच लागतं हे खानावळीला कळवा म्हणून चार वेळा फोन केला, चारही वेळा "कळवलंय साहेब, निश्चिंत राहा". खानावळीत पोचलो तर त्यांना आमचं आडनावही ठाऊक नव्हतं. पण खरी चूक माझीच.

आर्नो नदीपलीकडे, ओल्त्रार्नोत, आठ-दहा टेबलांची जागा. मुलगा वाढायला, सून गल्ल्यावर, आत आजी. मी रिबोल्लीता मागवली: पांढऱ्या शेंगदाण्यांसारख्या दिसणाऱ्या घेवड्याच्या बिया, काळपट पानांचा कोबी आणि शिळा पाव, सगळं पुन्हा उकळलेलं. बाबांना म्हटलं, आपला पोळीचा कुस्कराच समजा. मुलाला विचारलं, "नो मीट?" तो म्हणाला, "नो, नो. फाजोली, कावोलो." म्हणजे घेवडा आणि कोबी. खोटं बोलला नाही बिचारा. बाबांनी वाडगं पुसून खाल्लं. मग आजी बाहेर आल्या, रिकामं वाडगं बघून खुलल्या, आणि चवीचं गुपित सांगताना त्यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "ओस्सो दी प्रोशुत्तो." डुकराच्या मांडीचं हाड. त्यांच्या लेखी ते मांस नव्हेच, चव. भाषांतराची गरजच पडली नाही.

बाबा एक शब्द बोलले नाहीत. बाहेर जाऊन चूळ भरली, माळेला हात लावला आणि उरलेले चार दिवस पाव, केळी आणि आईने नेलेल्या दशम्या यांवर काढले. रागावले असते तर बरं झालं असतं.

म्हणून "व्हेज आहे का" विचारूच नका. सरळ म्हणा: "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेश्शे, सेन्त्सा ब्रोदो दी कार्ने." म्हणजे मांस नको, मासे नकोत, मांसाचं पाणीही नको. पान्चेत्ता आणि लार्दो हे शब्दही लिहून न्या, दोन्ही डुकराचेच. अंडं चालत नसेल तर ताजा पास्ता टाळा, त्यात बहुधा अंडं असतं. पीची नावाचा जाड शेवयांसारखा प्रकार सहसा नुसत्या पीठ-पाण्याचा असतो, तरी विचारा. माझ्या मते सगळ्यात बिनधोक म्हणजे पाप्पा अल पोमोदोरो, टोमॅटोत शिजवलेला पाव. पण प्रत्येक घरची रीत वेगळी, उद्या मला शिव्या घालू नका. ही चौकशी आदल्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास, गर्दी ओसरल्यावर, स्वतः जाऊन करा. भर गर्दीत कोणीही मान डोलावतं.

चीजबद्दल: अस्सल पार्मेजान वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध साकळवणाऱ्या पदार्थाने, बनतं. हे मी बाबांना आजतागायत सांगितलेलं नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

बाकी, साडेसातच्या आत रात्रीचं स्वयंपाकघर सुरू होईल अशी आशा ठेवू नका. वडिलांना मधुमेह असेल तर जवळ काहीतरी असू द्या. बिलात 'कोपेर्तो' म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार म्हणून माणशी दोन-तीन युरो दिसले तर भांडू नका (मी भांडलो होतो), ते मेनूवर छापलेलं असतं. पाव अळणी लागला तर तक्रार नको, टस्कनीत पावात मीठ घालतच नाहीत. आमच्या आईने त्यावर लोणचं लावलं आणि शेजारच्या टेबलालाही वाढलं.

हो, तारखांत एकादशी येते का बघा. सांत आम्ब्रोजोच्या बाजारात सकाळी फळं चांगली मिळतात.