ब्रेसेस नुकत्याच बसवल्यात?
पहिले 3-4 दिवस दात ठणकतील. मऊ खा, घाबरू नका. तार गालाला टोचली तर ती जागा कोरडी करून वाटाण्याएवढं ऑर्थो वॅक्स (ब्रेसेससाठीचं मऊ मेण) दाबून लावा. खरी मेहनत घासण्याची. दाताला चिकटवलेल्या, तार धरणाऱ्या ब्रॅकेटभोवती अन्न साचलं की जंतूंच्या आम्लाने इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या कठीण आवरणातली, खनिजं निघून पांढरे डाग पडतात, आणि ते बहुधा ब्रेसेस काढल्यावरच नजरेत भरतात. ब्रश 45 अंशांत तिरका, तारेच्या वरूनही आणि खालूनही. तारेमागे इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत जाणारा बारीक ब्रश. ब्रॅकेट सुटलं तर लगेच कळवा, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. त्या दातावरचा ताबा सुटतो.

आणि रिटेनर, म्हणजे ब्रेसेस काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन! दात सरळ झाले म्हणजे उपचार संपले, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. हिरड्यांचे ताणलेले तंतू स्थिरावायला कित्येक महिने लागतात. रिटेनर सोडला की दात परत जागा बदलतात.