जर्मनीला शिकायला निघताय? फोनमध्ये काय घ्याल, वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात परदेशी शिकणाऱ्या मुलांना कामाला येणाऱ्या ॲप्सबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. निम्म्याहून जास्त पत्रं जर्मनीचीच आली. मी स्वतः आखेनला शिकलेय, त्यामुळे या वेळी तेवढीच उत्तरं देते.

प्रश्न : ताई, ऑक्टोबरपासून आखेनला मास्टर्स सुरू होतंय. सीनियर्सनी चाळीसेक ॲप्सची यादी पाठवलीय. सगळी घ्यायची का? (एक वाचक, नाशिक)

नको गं, त्यातली तीसेक तू एकदाही उघडणार नाहीस. निघायच्या आधी ॲप्सपेक्षा महत्त्वाचं काम म्हणजे तुझा भारतातला नंबर. बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, सगळं त्याच नंबरवर येतं आणि प्रीपेड सिम ९० दिवस वापरलंच नाही तर कंपनी ते बंद करू शकते. मग बँकेचं ॲप फोनमध्ये असून उपयोग शून्य, कारण लॉगिनच होत नाही. त्यामुळे रोमिंग इथूनच चालू करून घे, छोटा का होईना पण रिचार्ज चालू ठेव, घरी बाबांना त्याची तारीख लिहून दे. बँकेचं ॲप नवीन फोनवर टाकायचं असेल तर तेही इथे असतानाच टाक, बऱ्याच ॲप्सना सिम त्याच फोनमध्ये लागतं.

बाकी पहिल्या आठवड्यात खरंच लागतात ती म्हणजे नकाशा (शहराचा भाग ऑफलाइन उतरवून ठेव, विमानतळावरचं वायफाय दगा देतं), डीबी नॅव्हिगेटर (जर्मन रेल्वेचं ॲप), आणि भाषांतरासाठी डीपएल किंवा गुगल ट्रान्सलेट. डीपएल जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या कंपनीचंच, जर्मनवरून इंग्लिश करायला मला ते जास्त भरवशाचं वाटतं. गुगलचा कॅमेरा मात्र दुकानात पाकिटावरचं वाचायला सोयीचा, जिलेटिन आहे की नाही ते तिथल्या तिथे कळतं.

आणि एक गोष्ट कुठल्याच यादीत नसते. जर्मनीत बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर हे सगळं अजूनही कागदी पत्रानेच येतं, आणि लेटरबॉक्सवर तुझं नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत नेतो. माझं पहिलं बँक कार्ड असंच परत गेलं, तीन आठवडे मी मैत्रिणीच्या पैशांवर काढले, आणि बँकेचं ॲप रोज उघडून बघत होते की कार्ड निघालं का! खोली मिळाली की त्याच दिवशी साध्या कागदावर आडनाव लिहून बॉक्सला चिकटव.

प्रश्न : श्टुटगार्टला खोली शोधतोय, डब्ल्यूजी-गेझुख्ट या खोल्या शोधायच्या ॲपवर ऐंशी मेसेज टाकले, एकच उत्तर आलं. खोली मस्त आहे, भाडं कमी आहे, पण मालक म्हणतो मी बाहेरगावी आहे, डिपॉझिट पाठव, चावी कुरियर करतो. पाठवू का? (एक वाचक, सध्या पुणे)

एक पैसाही पाठवू नकोस. ही फसवणूक आहे, दर सप्टेंबरात आपली मुलं यात अडकतात कारण तेव्हा सगळे घाईत असतात. चावी कुरियरने येणार, फोटो हॉटेलसारखे, भाडं बाजारापेक्षा बरंच कमी, बोलणं ॲपमधून काढून व्हॉट्सॲपवर न्यायची घाई. यातलं एक जरी दिसलं तरी थांब, इथे तर तू सांगतोयस त्यात चावी पण आहे आणि भाडंही! मालक पासपोर्टचा फोटो पाठवेल, तो दुसऱ्या कुणाचातरी चोरलेला असतो, त्याने विरघळू नकोस.

ॲप वाईट नाहीये, माझी खोली त्यावरच मिळाली होती. पण एकच मेसेज ऐंशी जणांना पाठवला की कुणी वाचत नाही. जाहिरात शेवटपर्यंत वाच, बरेच जण मुद्दाम मधे एखादा शब्द लिहितात आणि तो शब्द तुझ्या मेसेजमध्ये आहे का बघतात. दोन ओळी जर्मनमध्ये लिही, मोडक्या चालतील, काय शिकतोस, काय स्वयंपाक करतोस ते सांग. व्हिडिओ कॉलवर खोली दाखवा म्हण, किंवा तिथे असलेल्या कुणालातरी बघायला पाठव.

आणि पहिला प्रश्न हा विचार, की इथे आनमेल्डुंग करता येईल का? म्हणजे नगरपालिकेत पत्ता नोंदवणं, राहायला आल्यावर दोन आठवड्यांत करायचं असतं आणि त्याला घरमालकाची सही असलेला कागद लागतो. तो कागद मिळणार नसेल तर स्वस्त खोलीसुद्धा महाग पडते, कारण टॅक्स नंबर आणि व्हिसाची पुढची कामं त्यावरच अडतात. यासोबत विद्यापीठाच्या श्टुडीरेंडनवेर्कच्या (विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था) होस्टेलला आजच अर्ज टाक, रांग मोठी असते पण भाडं सगळ्यात कमी तिथेच.

प्रश्न : सेमिस्टर तिकीट ॲपमध्ये आहे, तरी ट्रेनमध्ये ६० युरो दंड झाला. असं कसं? (एक वाचक, माग्डेबुर्ग)

तू लिहिलंयस की ट्रेन आयसीई म्हणजे लांब पल्ल्याची जलद गाडी होती, तिथेच घोळ झाला. तुझं सेमिस्टर तिकीट म्हणजे विद्यार्थ्यांसाठीचं डॉइचलांड तिकीट, आणि डॉइचलांड तिकीट हा देशभराचा मासिक पास (मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ६३ झालंय, ज्या विद्यापीठांनी करार केलाय तिथे विद्यार्थ्यांना त्याच्या ६० टक्क्यांत मिळतं) फक्त लोकल आणि रीजनल गाड्यांना चालतो. आयसीई, आयसी या लांबच्या गाड्यांना नाही. डीबी नॅव्हिगेटरमध्ये शोधताना फक्त लोकल गाड्या दाखवा असा पर्याय असतो, तो चालू ठेव म्हणजे चूक होणारच नाही. फोनची बॅटरी संपली तरी तिकीट दाखवता येत नाही, म्हणून पॉवरबँक जवळ हवीच.

त्याच ॲपमध्ये अजून एक सोय आहे जी आपली मुलं वापरतच नाहीत. लांबच्या गाडीचं तिकीट काढलंय आणि पोचायला तासभर उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के, दोन तास झाला तर ५० टक्के परत मागता येतात, अर्ज ॲपमधूनच होतो, तीन महिन्यांच्या आत करायचा. संकोच करू नकोस, तो आपला हक्क आहे.

प्रश्न : चौघं एकत्र राहतो, खर्चावरून भांडणं होतात. शिवाय रेडिओ-टीव्हीचं बिल चौघांनाही आलंय, आमच्याकडे टीव्हीच नाही! (एक वाचक, ड्रेस्डेन)

हिशेबाला स्प्लिटवाइज घ्या, फुकटात दिवसाला मोजकेच खर्च टाकता येतात म्हणून रोजचं दूध-ब्रेड वहीत लिहा आणि आठवड्याची बेरीज ॲपमध्ये टाका. बिलाचं म्हणाल तर ती रुंडफुंकबाइट्राग, म्हणजे रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी, महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो नसो, घरामागे एकच. एकाने भरायचं आणि बाकी तिघांनी त्याचा वर्गणीचा नंबर देऊन कळवायचं की आमच्या घराचं भरलंय. पत्र कचऱ्यात टाकू नका, दंड वाढत जातो.

प्रश्न : मुलगी एकटी राहते. तिचं लोकेशन सतत दिसेल असं ॲप टाकू का? परवा तिचा फोन एकदम भोंग्यासारखा वाजला म्हणून ती घाबरली होती. (एक आई, सांगली)

काकू, भोंग्याचं आधी सांगते म्हणजे जीव भांड्यात पडेल. सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी जर्मनीत देशभर इशारा यंत्रणेची चाचणी असते, सकाळी ११ वाजता सगळ्यांचे फोन वाजतात. पूर, मोठी आग असं काही खरंच झालं तर कळावं म्हणून तिला नीना नावाचं सरकारी ॲप टाकायला सांगा, इंग्लिशमध्येही आहे.

लोकेशनचं तिला विचारून ठरवा. मला विचाराल तर सतत बघत बसलं की तुमचीच झोप उडेल, ठिपका लायब्ररीत रात्री अकराला दिसला तरी काळजी आणि नाही दिसला तरी काळजी. त्यापेक्षा तिच्या मैत्रिणीचा आणि घरमालकिणीचा नंबर तुमच्याकडे असू द्या. तिच्या फोनमध्ये ११२ आणि ११६११७ हे दोन्ही सेव्ह हवेत, पहिला जिवावरच्या प्रसंगाला, दुसरा रात्री-रविवारी ताप आला, दवाखाना बंद आहे तेव्हा. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवरही तिला नाव नोंदवायला सांगा.

तुम्ही लिहिलंय की ती हल्ली फोनवर कमी बोलते. हिवाळ्यात तिथे साडेचारला अंधार पडतो, पहिल्या वर्षी ते फार जड जातं, मी रडलेय. तिच्या श्टुडीरेंडनवेर्कमध्ये समुपदेशक असतात, पैसे लागत नाहीत. टेलिफोनझेलझोर्ग या मनावर ताण असलेल्यांना फोनवर आधार देणाऱ्या संस्थेची मोफत लाइन दिवसरात्र चालू असते, ०८०० १११०१११, आणि त्यांचं क्रिझेनकॉम्पास नावाचं ॲपही आहे, जर्मन थोडं येत असेल तर. आणि तुम्ही फोन करताना एक लक्षात ठेवा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ तासभर मागे जातं, तेव्हापासून मार्चअखेरपर्यंत आपल्या आणि त्यांच्या वेळेत साडेचार तासांचा फरक. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे तिचे साडेचार, ती लेक्चरमध्ये असते. रविवारी दुपारी तुमचे दोन वाजले की करा, तिचे साडेनऊ झालेले असतात, दुकानं बंद, घाई कसलीच नाही, चहा घेत निवांत बोलेल.