साठीच्या आई-वडिलांना घेऊन ऑगस्टमध्ये उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाता येईल का? वडिलांचे गुडघे दुखतात. सहा दिवस पुरतील का? कासच्या पठारासारखे गालिचे दिसतात का?

जाता येईल. सहा दिवस मात्र पुरणार नाहीत, हरिद्वार ते हरिद्वार आठ धरा. वाढलेल्या दोन दिवसांतला एक दरीसाठी आणि एक रस्त्यासाठी. बहुतेक सहलींत दरीला एकच दिवस देतात आणि तिथेच घोळ होतो. त्या दिवशी ढग खाली बसले तर समोरचा डोंगरही दिसत नाही, आणि ऑगस्टमध्ये ते बसतातच.

आधी गालिच्यांचं. कासला जांभ्याच्या सपाट सड्यावर एकेका जातीची फुलं एकगठ्ठा उमलतात, म्हणून गालिचा दिसतो. इथे दरी साधारण ३,२०० मीटरपासून वर चढत जाते, मधून पुष्पावती नदी वाहते आणि दोन्ही बाजूंच्या उतारांवर गुडघ्यापासून छातीपर्यंत वाढलेली झुडपं असतात. शेकडो जाती एकमेकींत मिसळलेल्या. दुरून सगळं हिरवंच वाटतं. थांबून, वाकून बघितलं की फुलं दिसायला लागतात. फोटोंमधला गुलाबी पट्टा बहुतेकदा ऑगस्टमधल्या तेरड्याचा असतो. हा कासच्या तेरड्याचाच भाऊबंद, पण इथे छातीएवढा उंच होतो. भोजपत्राच्या जंगलात सापकांद्याची हिमालयातली भावंडंही भेटतील.

दर पंधरा दिवसांनी फुलांचा संच बदलतो. जूनमध्ये वाटेवर बर्फ असतो आणि प्रिम्युलासारखी बुटकी फुलं दिसतात. जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य या काळात सर्वांत जास्त जाती फुललेल्या असतात: निळी पॉपी, जिरेनियम, पोटेंटिला, पेडिक्युलॅरिस. निळी पॉपी दरीपेक्षा हेमकुंडच्या, म्हणजे जवळच्याच उंचावरच्या शीख तीर्थाच्या, वाटेवरच्या खडकांत सहज सापडते. ब्रह्मकमळंही तिकडेच, हेमकुंडच्या आसपास, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. सप्टेंबरात पाऊस ओसरतो आणि शिखरं मोकळी दिसतात, पण फुलं कमी झालेली असतात. फुलांसाठीच जात असाल तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा घ्या आणि भिजायची तयारी ठेवा.

काही उतारांवर पांढरट फुलांच्या एकाच झुडपाचं रान माजलेलं दिसेल. ते पॉलिगोनम. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर इथली चराई बंद झाली, आणि हे झुडूप इतरांना दाबून पसरायला लागलं. वनखातं ते दरवर्षी उपटतं. चराई बंद केल्यामुळेच ते वाढलं का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पहिल्यांदा येणारे पुष्कळजण त्याचेच फोटो काढत बसतात.

आता प्रवास. हरिद्वार किंवा ऋषिकेशहून पहाटे पाचला निघालात तर संध्याकाळपर्यंत जोशीमठ गाठता येतं. उशिरा निघू नका. पावसाळ्यात दरडी कोसळतात, श्रीनगर आणि रुद्रप्रयागच्या मधलं सिरोबगड त्यासाठी कुप्रसिद्धच आहे, आणि रात्री डोंगरी रस्त्यावर वाहतूक थांबवतात. एका दरडीत चार तास गेले तर उशिरा निघालेल्याला मध्येच मुक्काम पडतो. परतीच्या रेल्वेआधी किंवा विमानाआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. तो रिकामा गेला तर ऋषिकेशला काढता येतो.

दुसऱ्या दिवशी जोशीमठहून गोविंदघाट, सुमारे २० किलोमीटर. तिथून पुलनापर्यंत चार किलोमीटर शेअर जीप जाते. पुढे घांघरियापर्यंत, म्हणजे मुक्कामाच्या गावापर्यंत, नऊ-दहा किलोमीटर पायी किंवा खेचरावर. भ्यूंडार गावापर्यंतची चढण सोसवते. तिथला पूल ओलांडल्यावरचा शेवटचा टप्पा दमवतो, सगळ्यांची कुरकुर तिथे सुरू होते. पुलनाहून नऊच्या आत चालायला लागा. हवा चांगली असेल तेव्हा गोविंदघाट ते घांघरिया हेलिकॉप्टरही असतं, पण ऑगस्टमध्ये त्याच्या भरवशावर आखणी करू नका.

वडिलांचे गुडघे दुखतात असं लिहिलंय, तर चढताना त्यांना खेचर करा आणि उतरताना दोन काठ्या देऊन चालवा. उतारावर खेचराच्या पाठीवर बसणं कंबरेला आणि मनाला दोन्हींना जड जातं. पायी चालणाऱ्यांनी खेचर जवळ आलं की डोंगराच्या बाजूला सरकायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. त्याच्या पाठीवरच्या ओझ्याचा साधा धक्काही माणसाला खाली ढकलायला पुरतो. ओल्या फरशीवर लीद पडलेली असते, म्हणून बुटांचे तळवे खोल खाचांचे हवेत. सह्याद्रीत चालणारे रबरी बूट इथेही चालतात, फक्त झिजलेले नकोत.

घांघरिया ३,००० मीटरच्या थोडं वर आहे. पहिल्या रात्री डोकं जड वाटणं, झोप न लागणं साहजिक आहे. पाणी भरपूर प्या, जेवण हलकं ठेवा. सकाळीही डोकेदुखी आणि मळमळ टिकून असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. आणखी वाढली तर खाली उतरायचं, दुसरा इलाज नाही. दोघांपैकी कोणाला रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना हेमकुंडची उंची, ४,३०० मीटर, आवर्जून सांगा. उंचीवरच्या त्रासाची गोळी घ्यायची की नाही हेही त्यांनाच ठरवू द्या.

म्हणूनच क्रम असा: तिसरा दिवस दरी, चौथा हेमकुंड, पाचवा पुन्हा दरी. बरेचजण उलटं करतात, म्हणजे आल्या-आल्या ४,३०० मीटरवर चढतात आणि तिथे आजारी पडतात. हेमकुंड घांघरियाहून सहाच किलोमीटर, पण सलग उभी चढण. तिथवर खेचर मिळतं. वर मुक्काम करता येत नाही, दुपारी वेळेत उतरावं लागतं. गुरुद्वाऱ्यात मिळणारी गरम खिचडी आणि चहा न घेता परतू नका. चौथ्या दिवशी पाऊस लागला तर हेमकुंड आणि दरी यांची अदलाबदल करता येते, पाचव्या दिवसाचा दुसरा फायदा तो.

दरीत खेचरांना बंदी आहे. आई थकल्या तर घांघरियातून पाठीवरच्या कंडीत (टोपलीत) बसवून नेणारे मिळतात, दर आधी ठरवून घ्या. ओळखपत्र जवळ ठेवा. गेट सकाळी सातला उघडतं. दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचच्या आत सगळ्यांना बाहेर यावं लागतं. सातलाच जा, कारण ढग बहुधा दुपारी चढतात. गेटानंतर पुष्पावतीचा पूल लागतो, मग भोजपत्राच्या जंगलातून दोनेक किलोमीटर चढ, आणि मग दरी उघडते. बहुतेकजण तिथेच फोटो काढून, डबा खाऊन परत फिरतात. खरी फुलं पुढे आहेत. १९३९ मध्ये फुलांचा अभ्यास करताना कड्यावरून पडून मरण पावलेल्या जोन मार्गारेट लेग यांच्या समाधीपर्यंत वाट जवळजवळ सपाट आहे, आई-वडिलांनाही झेपेल. दुसऱ्या फेरीत तिथून खाली नदीच्या पात्राकडे जा, तिथे गर्दी पांगलेली असते.

आत खायला काही मिळत नाही, डबा आणि पाणी घांघरियातूनच न्या, कचरा परत आणा. वाट सोडून झुडपांत शिरू नका: खाली खड्डे दिसत नाहीत, काळी अस्वलं या भागात आहेत, आणि फुललेल्यांत बचनागासारख्या जहरी वनस्पतीही आहेत. फुलं तोडायला बंदी आहेच.

सामानात सुती कपडे आणि जीन्स नकोत, भिजले की दोन दिवस वाळत नाहीत. पोंचो दोन आणा, स्वस्तातला पहिल्याच दिवशी फाटतो. बॅगेच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून मग कपडे भरा. बाहेरचं कव्हर मुसळधार पावसात पाणी अडवत नाही. घांघरियात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे, तेव्हा रोख रक्कम जोशीमठलाच काढून ठेवा आणि पॉवर बँक भरून न्या.