विषय बदलण्याआधी बाटलीचं झाकण बघ

तुझं पत्र दोनदा वाचलं. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात गाइडनी तुला मॅग्नेशियम ऑक्साइड तयार करून ते उत्प्रेरक म्हणून वापरायचा प्रकल्प दिला. मैत्रिणींच्या वाट्याला औषधांचे रेणू आले आणि तुझ्या वाट्याला, तुझ्याच शब्दांत, 'पोटदुखीच्या गोळीतली पांढरी भुकटी'. विषय बदलू का आणि यात करिअर आहे का, असे दोन प्रश्न तू विचारलेस. पण मला अडकवलं ते तू जाता जाता लिहिलेल्या ओळीने: ताज्या भुकटीने चाल्कोन (बेन्झाल्डिहाइड आणि ॲसिटोफेनोन जोडून होणारं तुझं संयुग) ८२ टक्के मिळालं, महिन्याभराने त्याच बाटलीतल्या भुकटीने जेमतेम ३०.

तुला हे अपयश वाटतंय. मला तर तुझा खरा प्रकल्प इथेच सुरू झालेला दिसतो.

मॅग्नेशियम ऑक्साइड बेस (आम्लारी) म्हणून काम करतं ते पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनमुळे, त्यातही कडा-कोपऱ्यांवरच्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा नेमके तिथेच जाऊन बसतात. बाटलीचं झाकण सैल असेल तर महिनाभर तू भुकटी साठवत नव्हतीस, हळूहळू निकामी करत होतीस. (मीही विद्यार्थीदशेत हेच केलंय, आणि दोष भट्टीला दिलाय.) जुनी भुकटी टीजीएवर, म्हणजे तापवत तापवत वजन मोजणाऱ्या उपकरणावर, चढव. तापवताना वजन घटलं तर काहीतरी चिकटलं होतं हे कळेल. आयआरमध्ये (अवरक्त किरणांनी रासायनिक बंध ओळखणाऱ्या तपासणीत) ३७०० च्या आसपास टोकदार शिखर दिसलं तर हायड्रॉक्साइड, १४०० ते १५०० च्या पट्ट्यात दिसलं तर कार्बोनेट. मग तीच भुकटी ५०० अंश सेल्सियसला पुन्हा भाजून, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून लगेच वापर.

दुसरा संशयित बेन्झाल्डिहाइड. उघडलेल्या बाटलीत त्याचं हळूहळू बेन्झोइक आम्ल होतं, आणि आम्ल तुझ्या बेसला गिळून टाकतं. ते ताजं ऊर्ध्वपातित करून घे.

तिसरा संशय जरा बोचरा आहे. भाजण्याआधीच्या हायड्रॉक्साइडचा अवक्षेप (द्रावणातून खाली बसणारा साका) तू कॉस्टिक सोड्याने काढलास असं लिहिलंयस. धुणं कमी पडलं असेल तर सोडियम मागे राहतं आणि ते स्वतःच जोरकस बेस आहे. म्हणजे ते ८२ टक्के कदाचित मॅग्नेशियमचे नव्हतेच! एक खेप अमोनियाने अवक्षेपित करून ताडून बघ. सोबत उत्प्रेरकाशिवायचा कोरा प्रयोग हवा, आणि मध्येच भुकटी गरम असताना गाळून द्रावणात अभिक्रिया पुढे सरकते का तेही बघायला हवं. सरकली, तर काहीतरी विरघळून काम करतंय.

आता करिअर. 'मॅग्नेशियम ऑक्साइड तज्ज्ञ हवेत' अशी जाहिरात निघत नाही. मात्र हेच संयुग ५०० अंशांना भाजलं तर उत्प्रेरक आणि १५०० च्या पुढे नेलं तर भट्टीच्या विटांचा कच्चा माल होतं. उष्णतेने कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, पृष्ठफळ घसरतं आणि भुकटी निवांत होते. तापमानाने पदार्थाचा स्वभाव कसा बदलतो हे हाताने अनुभवलेला माणूस उत्प्रेरक बनवणाऱ्या कारखान्यात, उष्णतारोधक साहित्यात आणि पदार्थ-तपासणीच्या प्रयोगशाळेत चालतो. माझा कल मात्र प्रक्रिया-विकासाकडे आहे. तिथे तुझ्या मैत्रिणींच्याच रेणूंसाठी पातळ कॉस्टिकऐवजी गाळून वेगळा करता येणारा, पुन्हा वापरता येणारा बेस शोधला जातो. संशोधनात राहायचं असेल तर मिथेनचे रेणू ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांना जोडून मोठे रेणू बनवण्याचा प्रश्न आहे. लिथियम मिसळलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडवर १९८५ मध्ये त्याचे गाजलेले निकाल आले, तरीही तो अजून पुरता सुटलेला नाही.

एक गोष्ट मात्र स्वतःला खरेपणाने विचार. तोच प्रयोग चौथ्यांदा लावताना तुला चुटपुट लागते की नुसता कंटाळा येतो? कंटाळाच येत असेल तर उत्प्रेरणात पीएच.डी.च्या फंदात पडू नकोस. त्यात चौथ्या खेपेनंतर पाचवी असते.

बायोडेटात 'नॅनो' शब्द मिरवू नकोस. एक्सआरडीतल्या (क्ष-किरणांनी स्फटिक तपासण्याच्या पद्धतीतल्या) ४३ अंशांजवळच्या शिखराच्या रुंदीवरून कणांचा आकार काढलास, तर तो आकडा लिही. मुलाखतीत मी असतो तर एवढंच विचारलं असतं: दुसरी खेप का बिघडली?

गाइडना विषय बदलून मागण्याआधी हे प्रयोग उरकून घे, दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. हायड्रॉक्साइड भाजताना प्रत्येक वेळी वजन घे. १० ग्रॅमचे ६.९ च्या आसपास यायला हवेत. जास्त राहिले तर ते पुरतं भाजलेलं नाही, कमी आले तर हायड्रॉक्साइड आधी पुरतं वाळलेलं नव्हतं. आकडे आले की कळव, आणि ती बेन्झाल्डिहाइडची बाटली पहिल्यांदा कधी उघडली होती तेही लिही.