प्रोस्टेटचा शेक : लघवीची पिशवी भरलेली, मलाशय रिकामं

प्रश्न : बाबा ६८ वर्षांचे आहेत. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी शेकाच्या, म्हणजे किरणोपचाराच्या, २० सिटिंग सांगितल्या आहेत. पहिल्याच आठवड्यात दोनदा त्यांना मशीनवरून उतरवून "गॅस काढून या" म्हणून बाहेर पाठवलं. मशीनमध्ये काही बिघाड असेल का? – एक वाचक, मनीषनगर

उत्तर : बिघाड नाही. उलट तिथले टेक्निशियन काळजीपूर्वक काम करत आहेत, असं समजा. प्रोस्टेटच्या वर लघवीची पिशवी असते आणि मागे अगदी चिकटून मलाशय. मलाशयात गॅस किंवा मळ साठला की प्रोस्टेट पुढे ढकललं जातं आणि मलाशयाची पुढची भिंत किरणांच्या वाटेत येते. किरणांचा नेम धरताना प्रोस्टेटभोवती सोडलेली मोकळीक जेमतेम ५ ते ८ मिलिमीटर असते. गॅसचा एक फुगा तेवढी सहज खाऊन टाकतो. शेक देण्यापूर्वी मशीनवरच जो स्कॅन होतो, त्यात हा फुगा काळ्या गोळ्यासारखा दिसतो. तो दिसत असताना शेक दिला, तर त्या दिवशी गाठीला डोस कमी आणि मलाशयाला जास्त.

पिशवीचं नेमकं उलट आहे. ती भरलेली असली की आतडी वर सरकतात आणि पिशवीचाही बराच भाग किरणांपासून दूर राहतो. म्हणून आधी शौच आणि लघवी करून यायचं, मग पाणी प्यायचं, मग थांबायचं. साधारणपणे ३५० ते ५०० मिली पाणी आणि ३० ते ६० मिनिटं थांबणं असा हिशेब असतो. पण बाबांच्या प्लॅनिंग स्कॅनच्या (उपचार आखण्यासाठी सुरुवातीला काढलेल्या स्कॅनच्या) दिवशी जेवढं पाणी आणि जेवढा वेळ ठरला, तेवढाच रोज पाळा. जास्त पाणी पिऊन पिशवी तट्ट फुगवण्यात फायदा नाही, कारण ती रोज तशीच भरत नाही आणि टेबलावर कळ सोसवत नाही. घरून पाणी पिऊन निघू नका. वर्धा रोडवर गाडी अडकली की सगळं गणित बिघडतं. अर्ध्या लिटरची बाटली सोबत न्या आणि हॉस्पिटलमध्ये लघवी करून आल्यावरच ती उघडा.

नागपूरच्या मे महिन्यात आणखी एक अडचण येते. आदल्या दिवशी पाणी कमी पडलं असेल तर प्यायलेलं अर्धा लिटर शरीरच शोषून घेतं आणि पाऊण तासानंतरही पिशवी अर्धवटच असते. तेव्हा आदल्या दिवसापासूनच पाणी नीट हवं.

खाण्यात बेसन आणि हरभरा सांभाळा. पाटवडी, झुणका, गोळाभात, चण्याच्या तर्रीचे पोहे हे उपचार संपेपर्यंत बाजूला. सोडा, च्युइंगगम, भरभर जेवणंही नको, कारण त्यातून हवा पोटात जाते. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल चालतो, पण मध्येच आपल्या मनाने सुरू करू नका. सुरुवातीचे काही दिवस तोच गॅस वाढवतो. शौचाची वेळ एकच ठेवा आणि सिटिंगआधी दहा मिनिटं कॉरिडॉरमध्ये फिरवा. बहुतेकदा तेवढ्याने गॅस सरतो.

प्रश्न : यांच्या शेकाचा तिसरा आठवडा चालू आहे. रात्री सहा-सात वेळा उठतात, लघवीला जळजळ होते. त्यामुळे पाणीच कमी केलं, तर जळजळ वाढली. – एक वाचिका, महाल

उत्तर : पाणी कमी केल्यानेच वाढली. लघवी घट्ट झाली की सुजलेल्या आतल्या अस्तराला ती जास्त झोंबते. हृदयाचा किंवा किडनीचा विकार नसेल तर दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी हवंच. मात्र त्यातलं बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत संपवा. चहा एक-दोन कपांवर आणा. सावजी रस्सा सध्या अजिबात नको, तिखट लघवीला आणि शौचाला दोन्हीकडे जाळतं.

आधी लघवीची रुटीन आणि कल्चर तपासणी करून घ्या. जंतुसंसर्ग असेल तर जळजळ कमी करणाऱ्या नुसत्या सिरपने भागत नाही. संसर्ग नसेल तर डॉक्टर बहुधा टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम रात्री जेवणानंतर देतात. त्याने धार मोकळी होते, पण अंथरुणातून झटकन उठलं तर चक्कर येते. रात्री आधी काठावर बसू द्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही ही गोळी सांगा. लघवी पूर्ण अडली, लघवीतून रक्ताच्या गाठी पडल्या किंवा थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न पाहता कॅज्युअल्टीत न्या.

हा त्रास शेक संपल्यावर साधारण चार ते आठ आठवड्यांत ओसरतो.

प्रश्न : आजोबांनी नातवाला मांडीवर घेतलं तर चालेल? – सक्करदरा

उत्तर : खुशाल घेऊ द्या. बाहेरून मशीनने दिलेला शेक अंगात राहत नाही. किरणोत्सर्गी बिया कायमच्या आत बसवल्या असतील तरच सुरुवातीचे काही आठवडे ते महिने वेगळी पथ्यं असतात.

प्रश्न : शेक संपून चौदा महिने झाले. आता शौचाला रक्त पडतं. जवळचे डॉक्टर मूळव्याध म्हणून ऑपरेशन करू म्हणतात. – एक वाचक, काटोल

उत्तर : थांबा. सहा महिने ते तीन वर्षांनी पडणारं असं रक्त बरेचदा मलाशयाच्या पुढच्या भिंतीवरच्या नव्या, नाजूक रक्तवाहिन्यांचं असतं. तरीही अंदाजावर राहू नका, तपासणी आवश्यकच आहे. पण दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना आत जाण्याआधीच सांगा की इथे शेक झालाय. पुढच्या भिंतीचा तुकडा तपासणीसाठी काढला तर तिथली जखम महिनोन्‌महिने भरत नाही, कधी लघवीच्या मार्गापर्यंत भोक पडतं. मूळव्याधीचं ऑपरेशनही याच कारणासाठी किरणोपचार तज्ज्ञांशी बोलल्याशिवाय नको.

रक्त थोडं असेल तर शौच मऊ ठेवणं आणि सुक्रालफेटचा एनिमा पुरतो. हिमोग्लोबिन उतरत असेल तर दुर्बिणीतूनच आर्गॉन वायूच्या झोताने रक्तवाहिन्या बंद करतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. आणि किती ग्रे (किरणांचा डोस मोजण्याचं एकक), किती सिटिंग, कोणत्या तारखांना, हे लिहिलेला उपचारांचा सारांश हॉस्पिटलमधून मागून घ्या आणि प्रत्येक तपासणीला फाइलच्या वरच ठेवा.